मदरबोर्ड-बदल (ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा न बसवता)

मदरबोर्ड-बदल : संगणकाचा मदरबोर्ड बदलूनही हार्ड डिस्क वा एसएसडीवरील ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम आणि माहिती जशीच्या तशी ठेवून तोच संगणक पुन्हा चालू करण्याची पद्धत. मुंबईत अशा कामासाठी लोक बहुधा ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड गाठतात. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचेच नाव बाजाराच्या तोंडी राहिले आहे. ‘बोर्ड उडाला’ म्हटले की ‘फॉरमॅट मारावा लागेल’ (म्हणजे डिस्क पुसून सारे नव्याने बसवावे लागेल) हे उत्तर तेथे ठरलेले असते. विंडोज एक्सपीच्या काळात ते बरेचसे खरे होते. आज ते बहुतेक वेळा सवयीने दिले जाते.

ऑपरेटिंग सिस्टिम मदरबोर्डशी मुख्यतः चार ठिकाणी बांधलेली असते : डिस्कपर्यंत पोचवणारा ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम), बूट होण्याची म्हणजे सुरू होण्याची पद्धत, परवाना आणि कूटबद्धीकरण (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती ठेवणे). यांतील पहिल्या दोन गाठी बोर्ड बदलल्यानंतरही सोडवता येतात. उरलेल्या दोन जुना बोर्ड जिवंत असतानाच सोडवलेल्या बऱ्या, आणि अडचण नेमकी येथेच आहे. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेने सांधे गंजलेला किंवा पावसाळ्यात पाणी लागलेला बोर्ड पूर्वसूचना देऊन बंद पडत नाही.

एक्सपी बसवताना त्या यंत्रातील डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होईल अशी व्यवस्था केली जात असे. नव्या बोर्डावर नियंत्रक निराळा असला, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होई आणि ‘७बी’ या त्रुटी-क्रमांकाचा निळा पडदा येई. विंडोज ७मध्येही वापरात नसलेले डिस्क-ड्रायव्हर बंद ठेवलेले असत. त्यामुळे जुना बोर्ड डिस्क जोडण्याच्या आयडीई या जुन्या पद्धतीवर आणि नवा एएचसीआय या नव्या पद्धतीवर असल्यास रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) एक नोंद आधीच बदलून ठेवावी लागे. विंडोज ८पासून हा त्रास बराच ओसरला. विंडोज १० किंवा ११ असलेली डिस्क नव्या बोर्डाला जोडली, तर ‘उपकरणे तयार होत आहेत’ अशा अर्थाचा संदेश येऊन, एकदोनदा आपोआप पुन्हा सुरू होऊन संगणक बहुधा चालू होतो. तरीही अडलाच, तर सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांसह) एकदा सुरू केल्याने काम भागते. डिस्क हाताळण्याची इंटेलची रेड किंवा व्हीएमडी पद्धत वापरात असेल, तर बायॉसमध्ये (बोर्डावरच असलेल्या मूळ प्रणालीत) ती जुन्या बोर्डाप्रमाणेच ठेवावी. विंडोजसोबत येणारे सिसप्रेप हे साधन यंत्राशी निगडित नोंदी पुसून देते. मात्र ते जुन्या बोर्डावरच चालवायचे असल्याने बंद पडलेला संगणक घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग नाही.

बूट होण्याची पद्धत डिस्कच्या मांडणीवर अवलंबून असते. एमबीआर या जुन्या मांडणीची डिस्क जुन्या बायॉस पद्धतीने सुरू होते, आणि कित्येक नव्या बोर्डांवर ती सोय उरलेली नाही. अशा वेळी विंडोज १०च्या १७०३ या आवृत्तीपासून मिळणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने माहिती न पुसता मांडणी जीपीटी या नव्या प्रकारात बदलता येते. बायॉसची जागा घेणाऱ्या यूईएफआय पद्धतीत बूटची नोंद बोर्डावरील स्मृतीत असते. ती जुन्या बोर्डाबरोबर जाते. विंडोज सहसा पर्यायी ठिकाणच्या फाइलीवरून सुरू होते, पण काही लिनक्स वितरणांत ही नोंद नव्याने करावी लागते. एरवी लिनक्सचे बिऱ्हाड हलवणे सोपे, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच (प्रणालीच्या गाभ्यासोबतच) असतात आणि डिस्क त्यांच्या यूयूआयडी या ओळख-क्रमांकावरून ओळखल्या जातात; फक्त नेटवर्क कार्डाचे नाव बदलल्याने स्थिर आयपी पत्त्याची मांडणी पुन्हा तपासावी लागते.

कूटबद्धीकरणाच्या बाबतीत चूक महागात पडते. बिटलॉकर या विंडोजमधील कूटबद्धीकरणाची किल्ली बोर्डावरील किंवा प्रोसेसरमधील टीपीएम या सुरक्षा-घटकाशी जोडलेली असते, म्हणून बोर्ड काढण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. ते राहून गेले, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अनेक संगणकांवर हे कूटबद्धीकरण मालकाच्या नकळत चालू झालेले असते. अशा वेळी ही रिकव्हरी की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडण्याची शक्यता असते. ती कोठेच नसेल, तर नव्या बोर्डावर डिस्कवरची माहिती गेलीच; जुनाच बोर्ड टीपीएमसह दुरुस्त झाला, तरच ती उघडण्याची आशा उरते.

सक्रियकरणाची, म्हणजे परवाना त्या यंत्रापुरता ताडून पाहण्याची, पद्धत विंडोजमध्ये २००१ साली एक्सपीबरोबर आली. रिटेल, म्हणजे सुटा विकत घेतलेला, परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. ओईएम, म्हणजे नव्या संगणकासोबत आलेला, परवाना पहिल्याच यंत्राशी बांधलेला असतो आणि मदरबोर्ड बदलला की ते यंत्र नवे मानले जाते. सदोष म्हणून बदललेल्या बोर्डाला यातून सूट आहे, ही गोष्ट गिऱ्हाइकांना क्वचितच सांगितली जाते. २०१६पासून, म्हणजे विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून, डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवता येतो, आणि ‘अलीकडे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडून तो पुन्हा लागू करता येतो. त्यासाठी इंटरनेट हवे, म्हणून नव्या बोर्डाचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घेतलेला असावा.

इतर सॉफ्टवेअरचे परवानेही तपासावे लागतात. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा परवाना यंत्राला जोडलेला असल्याने तो आधी परत करून, म्हणजे ‘सरेंडर’ करून, मग नव्या बोर्डावर घेणे सोयीचे. छापखान्यांत अजून वापरात असलेल्या काही जुन्या डीटीपी (संगणकावरील पानमांडणीच्या) प्रणालींचे लॉक, म्हणजे परवान्याचा पुरावा म्हणून जोडायचे छोटे उपकरण, पॅरलल पोर्ट या प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर लागते. नव्या बोर्डांवर हे पोर्ट सहसा नसते, काहींवर केवळ त्याच्या पिना असतात, आणि यूएसबीचे स्वस्त अडॅप्टर बहुधा प्रिंटरपुरतेच चालते; त्यामुळे विंडोज सुखरूप सुरू होऊनही त्या एका लॉकसाठी बहुधा पॅरलल पोर्टचे वेगळे कार्ड घ्यावे लागते.