जुन्या मसल कारवर मोठी चाके

मसल कार म्हणजे साधारण १९६४ ते १९७४ या काळात अमेरिकेत बनलेली, दोन दारांची, मध्यम बांध्याची आणि अंगाच्या मानाने फार मोठे व्ही-८ इंजिन असलेली मोटार. पाँटियाक जीटीओ, शेव्हरोले शेव्हेल, डॉज चार्जर ही त्यांतली ठळक नावे. फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कॅमॅरो यांना काटेकोर लोक ‘पोनी कार’ (जरा लहान बांध्याची) म्हणतात, पण चाकांच्या बाबतीत सगळ्यांचे दुखणे एकच आहे. या गाड्या कारखान्यातून १४ किंवा फार तर १५ इंची चाकांवर बाहेर पडल्या. आज त्यांतल्या पुष्कळ गाड्या १७ किंवा १८ इंची चाकांवर धावताना दिसतात. या नोंदीत उदाहरणे मुख्यतः १९६७ ते १९६९ या पहिल्या पिढीच्या कॅमॅरोची घेतली आहेत.

त्या काळी इंजिन पुढे निघून गेले आणि टायर मागे राहिले. १९६७ची कॅमॅरो झेड/२८ खास शर्यतीच्या नियमांत बसावी म्हणून बनवलेली गाडी, तरी तिला १५ इंच व्यासाची आणि अवघी ६ इंच रुंदीची रिम होती. आजच्या छोट्या हॅचबॅकलाही जवळपास तेवढीच रुंदी मिळते. त्याच सुमारास फायरस्टोनचे ‘वाइड ओव्हल’ टायर आले आणि ७० मालिकेचे (बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के असलेले) बुटके, रुंद टायर ही मसल कारची ओळख बनली.

बाजारातली वेगळी चाके लावण्याची हौस मात्र त्याआधीचीच. टेड हॅलिब्रँड यांची मॅग्नेशियमची चाके शर्यतीच्या गाड्यांवर गाजली, आणि त्या मॅग्नेशियमवरून ‘मॅग’ हा शब्द रूढ झाला. पुढे धातू बदलला, ॲल्युमिनियम आले, तरी शब्द टिकला. महाराष्ट्रातल्या मोटारसायकलच्या दुकानात आजही गिऱ्हाईक ‘मॅकव्हील आहे का?’ असे विचारते, त्याचे मूळ तिथे आहे. अमेरिकन रेसिंग कंपनीचे पाच निमुळत्या आऱ्यांचे ‘टॉर्क थ्रस्ट’ १९६३ साली आणि क्रेगरचे क्रोमने झळकणारे ‘एस/एस’ १९६४ साली आले. हे दोन नमुने इतके मुरले, की आज १८ इंची चाक घेणाराही बहुधा त्यांचेच मोठे रूप शोधतो.

१९७०च्या दशकात मोठे चाक म्हणजे मागचे जाड टायर. ते मडगार्डखाली मावत नसत, म्हणून हवेचे शॉकअब्सॉर्बर लावून गाडीची मागची बाजू उचलायची किंवा सरळ मडगार्ड कापायचे, असा मार्ग होता. गाडी डौलदार दिसे, पण वळणावर बिथरे. कापलेल्या त्या पत्र्यांची भरपाई आज जुन्या गाड्या नीट करणारे कारागीर महिनोन्महिने खपून करतात. १९९०च्या दशकात ‘प्रो-टूरिंग’ नावाने वेगळा विचार रुजला: गाडी दिसायला जुनी, पण वळायला आणि थांबायला आजची. जनरल मोटर्समधले अभियंते मार्क स्टिलो यांच्या १९६९च्या कॅमॅरोंचा या विचारावर मोठा ठसा आहे.

इथे चाक मोठे करण्याची खरी कारणे येतात. पहिले ब्रेकचे. कॅमॅरोला मुळात चारही चाकांना ९.५ इंची ड्रम असत. त्या जागी १३ इंची डिस्क आणि रुंद कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा भाग) बसवायचे, तर १४ काय, १५ इंची रिमही त्यावर चढत नाही. साधारणपणे १७ इंची लागते. दुसरे कारण टायरचे. १४ आणि १५ इंचांत पांढऱ्या अक्षरांचे देखणे रेडियल मिळतात, जुन्या धाटणीचे, आतले धागे तिरके असलेले बायस-प्लायही नव्याने बनवून विकले जातात, पण रस्त्याला चिकटून राहणारा आजचा उत्तम टायर त्या मापांत जवळपास बनतच नाही.

चाक मोठे करायचे म्हणजे टायरसकट पूर्ण चाकाची उंची वाढवायची नाही. वाढते ती रिम, आणि तेवढी टायरची बाजूची भिंत कमी होते. १९६९च्या एफ७०-१४ टायरच्या जवळचे आजचे माप २२५/७० आर १४, म्हणजे रुंदी २२५ मिमी, भिंत तिच्या ७० टक्के आणि रिम १४ इंची. त्याची उंची सुमारे ६७१ मिमी आणि भिंत १५७ मिमी. १७ इंची रिमवर २३५/५० टायर घेतला तर उंची ६६७ मिमी भरते. १८ इंचीवर २४५/४५ घेतला तर ६७८. फरक एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित बिघडत नाही. २० इंची रिमवर हीच उंची साधायची तर भिंत जेमतेम ८२ मिमी उरते. तिथे खड्ड्याचा दणका थेट रिमवर येतो, आणि गाडी खेळण्याच्या चाकांवर उभी केल्यासारखी दिसते. त्या गाडीच्या चाकांच्या कमानी भरदार टायरसाठी आखल्या होत्या. १७ इंच तिला शोभते, १८ चालून जाते, त्यापुढे तिचा चेहराच हरवतो.

व्यासाची चर्चा फार होते, पण अडते ते रुंदीवर, आणि त्याहून अधिक ‘बॅकस्पेसिंग’वर. चाक तोंड खाली करून जमिनीवर ठेवावे, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या बसणीपर्यंत खोली मोजावी, हेच बॅकस्पेसिंग. ८ इंची म्हणून विकली जाणारी रिम कडेपासून कडेपर्यंत सुमारे ९ इंच भरते, कारण सांगितलेली रुंदी टायर जिथे बसतो तिथली असते. त्यामुळे बसणी बरोबर मध्यात असेल तर बॅकस्पेसिंग ४.५ इंच येते. हा आकडा वाढला की चाक आत सरकते, कमी झाला की बाहेर येते.

गाडीवरचे माप त्याहून महत्त्वाचे. मागच्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडावा, ड्रमच्या तोंडापासून दोरीपर्यंतचे अंतर घ्यावे, मग त्याच तोंडापासून आत पाट्यांपर्यंतचे. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोला मागे पाट्याची स्प्रिंग आहे, आणि रुंदीची आतली मर्यादा तीच ठरवते. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात. त्या काळच्या जोडणीत मागचा ॲक्सल बरोबर मध्यावर असेलच असे नाही. डावीकडे हात जाईल आणि उजवीकडे बोट जाणार नाही, असे खरोखर आढळते. शिवाय वळणावर रबरी बुश दबून ॲक्सल आडवा सरकतो आणि टायरही फुगतो, म्हणून दोन्हीकडे अर्धा इंच मोकळी जागा सोडतात. पुढच्या बाजूला स्प्रिंग काढून, खालच्या आर्मखाली (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक लावून चाक पूर्ण वर-खाली करावे आणि प्रत्येक उंचीवर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. गाडी उभी असताना सगळे ठीक वाटते. घासते ते वळताना, खड्ड्यात.

जागा थोडीशीच कमी पडली तर मडगार्डची आतली घडी दुमडतात. हबला रोलर बांधून पत्रा हळूहळू वर दाबायचा असतो, आणि त्याआधी रंग गरम हवेने मऊ करावा लागतो. घाई केली की रंगाला केसासारखी चीर जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज डोकावतो. फार रुंद टायरसाठी आतली चाकघरे कापून रुंद करतात आणि पाटे आत सरकवतात, पण ते काम चाक बसवण्याचे राहत नाही, गाडी नव्याने बांधण्याचे होते.

चाक बाहेर आणून प्रश्न सोडवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. टायरच्या टेकण्याचा मध्य स्टेअरिंगच्या वळण्याच्या अक्षापासून दूर जातो, रस्त्यावरचा प्रत्येक खडबडाट हातात येतो आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. अलाइनमेंटही नव्याने हवे. कॅमॅरोचा मूळ कॅस्टर (स्टेअरिंगचा अक्ष मागे झुकण्याचा कोन) जुन्या बायस-प्लायच्या हिशेबाने अर्ध्या अंशाच्या आसपास ठेवलेला होता. रुंद रेडियलवर तेवढ्या कॅस्टरने गाडी सरळ रस्त्यावर भटकते. मस्टँगमध्ये वरच्या आर्मची बसण सुमारे एक इंच खाली घेतात. १९६५च्या शेल्बी जीटी३५०मध्ये केलेला हा बदल ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याने वळताना रुंद टायर रस्त्यावर सपाट टेकायला मदत होते.

नटबोल्टची चूक मात्र जिवावर बेतते. कॅमॅरोचे पाच स्टड (चाक आवळायचे आट्यांचे खिळे) ४.७५ इंच, म्हणजे १२०.६५ मिमीच्या वर्तुळावर आहेत. २०१०च्या कॅमॅरोचे १२० मिमीच्या. नवे चाक जुन्या हबवर हाताने चढते, नटही आवळले जातात, पण स्टड तिरके ओढले जातात. दिसायला सगळे जागच्या जागी, आणि म्हणूनच धोक्याचे. फोर्ड आणि क्रायस्लरच्या बहुतेक व्ही-८ गाड्यांचे वर्तुळ ४.५ इंचांचे. क्रायस्लरच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत डाव्या बाजूचे स्टड उलट आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेल्याने पाना लावून ते तोडल्याचे प्रकार गॅरेजमध्ये नवे नाहीत. नट चाकाच्या बसणीशी जुळणारेच हवेत आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

मूळ चाके विकू नयेत. शेव्हरोलेच्या रॅली चाकावर हवेच्या वाल्वजवळ संकेताक्षरे आणि बनल्याची तारीख ठोकलेली असते, आणि गाडी जशी निघाली तशी आहे का हे तपासणारा जाणकार आधी तिथेच हात फिरवतो.