पर्वतीय स्नोमोबाइलचे क्लच सेटिंग

पर्वतीय स्नोमोबाइलचे क्लच सेटिंग : विरळ हवेत आणि कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइलचे, म्हणजे फिरत्या रुंद पट्ट्यावर बर्फातून चालणाऱ्या गाडीचे, इंजिन सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांवर टिकून राहावे, यासाठी तिच्या बेल्ट-क्लचमधील वजने, स्प्रिंगा आणि हेलिक्स नावाचा पेचदार भाग बदलून बसवण्याचे काम. अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगांत, म्हणजे वायोमिंग, मोंटॅना, आयडाहो, कोलोरॅडो या राज्यांत, तसेच कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात हिवाळी स्वारांना हे काम चुकत नाही. गंमत अशी, की या गाड्यांचे प्रसिद्ध कारखाने डोंगरात नाहीत. स्की-डू क्वीबेकमधल्या व्हॅलकोर्टची आणि पोलारिस मिनेसोटातल्या रोझोची. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीनशे मीटर उंचीवर आहेत. गाडी मात्र चालायची असते अडीच-तीन हजार मीटरवर.

‘क्लच’ हा शब्द मराठी वाचकाला थोडा फसवतो. पायाने दाबायचा किंवा डाव्या मुठीत धरायचा क्लच येथे नसतो, गिअरही नसतात. गिअर न बदलता चालणाऱ्या आपल्या स्कूटरमध्ये जो व्हेरिएटर असतो, त्याचेच हे दांडगे भावंड. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाच्या भागीदारीत १९८० च्या दशकात काढलेल्या कायनेटिक होंडाने ही यंत्रणा आपल्याकडे घरोघर नेली. स्कूटरच्या व्हेरिएटरमधले रोलर हलके केले की इंजिन जास्त फेऱ्यांवर ओरडते आणि घाटात गाडी चढते बरी, हे जुन्या गॅरेजवाल्यांना ठाऊक असते. स्नोमोबाइलचे क्लच सेटिंग याच गोष्टीचा विस्तार आहे. फरक एवढाच, की तेथे दीडशेहून जास्त अश्वशक्ती एका रबरी बेल्टमधून जाते.

रचना अशी : इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसलेली पुढची पुली ती प्रायमरी, गाडीखालचा पट्टा (ट्रॅक) चालवणाऱ्या साखळीकडे किंवा दुसऱ्या बेल्टकडे शक्ती पोचवणारी मागची पुली ती सेकंडरी. प्रत्येक पुली दोन शंक्वाकार चकत्यांची. चकत्या जवळ आल्या की त्यांच्या फटीत बसलेला बेल्ट बाहेरच्या कडेकडे चढतो, दूर गेल्या की आत उतरतो. गाडी सुटताना पुढच्या पुलीवर बेल्ट तळाशी आणि मागच्या पुलीवर कडेला असतो. तेव्हा इंजिनच्या तीन-साडेतीन फेऱ्यांना मागची पुली एकदाच फिरते. वेग वाढत जातो तसे हे गुणोत्तर एकास एकच्या आसपास येते. चालकाला काहीच करायचे नसते, अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा एवढेच.

चकत्या जवळ आणण्याचे काम प्रायमरीतली वजने करतात. क्लच फिरला की ती केंद्रोत्सारी बलाने बाहेर झुकतात आणि रोलरवर रेलून हलती चकती सरकवतात. आतली स्प्रिंग त्यांना विरोध करते. हे बल किती मोठे असते याचा अंदाज घ्यायचा तर अक्षापासून ५ सेंमी. वर असलेले ६० ग्रॅमचे एक वजन घ्यावे. मिनिटाला ८,००० फेऱ्यांना ते सुमारे २,१०० न्यूटनने, म्हणजे दोनशे किलोहून अधिक भाराइतके, बाहेर ओढले जाते. अशी वजने बहुधा तीन असतात. बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एक-दोन ग्रॅमचा फरकही टॅकोमीटरवर दिसतो. मागच्या पुलीत उलटा कारभार चालतो. तिच्या चकत्या स्प्रिंग आणि हेलिक्स मिळून बंद ठेवू पाहतात. हेलिक्स म्हणजे पेचदार उतार कापलेला कॅम. गाडीवर जोर पडला की हा उतारच चकत्यांना एकमेकींवर दाबतो, त्यामुळे बेल्ट घट्ट धरला जातो आणि यंत्रणा खालच्या गुणोत्तराकडे परतते. या परतण्याला स्वार ‘बॅकशिफ्ट’ म्हणतात, आणि खोल बर्फात सगळी मदार त्यावर असते.

उंचीवर बिघडते ते येथे. ३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरते. हवा दाबून भरणारा टर्बो नसलेले इंजिन दर १,००० फुटांमागे साधारण ३ टक्के शक्ती गमावते, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. वायोमिंगमधील टॉगवोटी खिंड ९,६०० फुटांहून उंच आहे. तेथे १६० अश्वशक्तीच्या गाडीत जेमतेम ११५ शिल्लक राहतात. इंजिन असे दुबळे होते, पण क्लचमधली वजने दुबळी होत नाहीत. तेवढ्याच फेऱ्यांना ती तेवढ्याच जोराने बाहेर झुकतात. दुसरीकडे हेलिक्सचा दाब इंजिनच्या पिळावर अवलंबून असल्याने तोही घटलेला असतो. परिणामी पुढची पुली मागचीवर मात करते, बेल्ट वेळेआधी वरच्या गुणोत्तरात चढतो आणि इंजिन दबून जाते. म्हणजे शक्ती दोनदा जाते. एकदा हवेमुळे, ते टाळता येत नाही. दुसऱ्यांदा चुकीच्या फेऱ्यांमुळे, आणि क्लच सेटिंगने परत मिळते ती एवढीच. क्लच बदलून अश्वशक्ती ‘वाढवली’ असे सांगणारा एक तर विक्रेता असतो किंवा नवखा.

या दुसऱ्या तोट्याला टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव अधिक तीव्र करतो. पर्वतीय गाड्यांतली ८०० ते ८५० घ.सेंमी. ची जुळी इंजिने फुगीर एक्झॉस्ट पाइपवर चालतात. त्या पाइपमधून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. ही लहर फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच वेळेवर पोचते. या इंजिनांसाठी तो पट्टा ८,००० च्या आसपास असतो. त्याखाली तीन-चारशे फेरे घसरले की इंजिनचा आवाज जाड होतो आणि ओढ एकदम मंदावते. पाइप गार असला तर हा पट्टा खाली सरकतो. म्हणून झाडीत थांबत-थांबत गेल्यावर पहिल्याच चढाला घेतलेले माप खरे धरत नाहीत.

आता बर्फ. कडक केलेल्या वाटेवर गाडी तरंगत जाते. ताज्या भुग्यात मात्र तिला स्वतःसाठी उतार बांधतच पुढे जावे लागते. म्हणून पर्वतीय गाड्यांचे पट्टे लांब असतात, १५४ किंवा १६५ इंच, काही त्याहूनही लांब. त्यांवरचे रबरी दात अडीच ते तीन इंच उंच असतात. असा पट्टा फिरवायला मुळातच जोर लागतो. चढावर बर्फ अचानक खोल झाला की पट्ट्याचा वेग क्षणात पडतो. क्लचने त्याच क्षणी खालच्या गुणोत्तरात परतून इंजिनचे फेरे राखले, तर गाडी वर राहते. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर पट्टा खड्डा खणतो, मागची बाजू खाली बसते आणि पुढचा तास फावड्याने जातो. असे रुतणे नुसते कंटाळवाणे नसते. हिमस्खलनाच्या उतारावर रुतलेली गाडी म्हणजे चुकीच्या जागी थांबलेला माणूस.

सेटिंगची सुरुवात वजनांपासून होते. उंचीसाठी ती हलकी घेतात. प्रत्येक वजनातून एक ग्रॅम काढला की पूर्ण थ्रॉटलवर अंदाजे शंभर फेरे वाढतात. क्लचच्या बनावटीनुसार हा आकडा बदलतो. कारखान्यांच्या पुस्तिकांत उंचीच्या टप्प्यानुसार वजने आणि स्प्रिंगा दिलेल्या असतात. नवशिक्याने तो तक्ताच आधी वापरावा. मित्राच्या गाडीचे सेटिंग उचलण्यात फारसा अर्थ नसतो, कारण त्याच्या अंगाचे वजन वेगळे, पट्टा वेगळा, चालवण्याची धाटणी वेगळी. स्की-डूच्या टीआरए क्लचमध्ये वजने न काढता रोलरच्या उताराचा कोन बदलणारे स्क्रू असतात. स्वार त्यांना ‘क्लिकर’ म्हणतात. एक घर पुढेमागे केले की सुमारे दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. सकाळी दरीत एक आणि दुपारी माथ्यावर दुसरे, असे बदल पान्याने पाच मिनिटांत होतात.

प्रायमरी स्प्रिंगला दोन आकडे असतात, सुरुवातीचे बल आणि शेवटचे बल. पहिला आकडा गाडी किती फेऱ्यांना सुटेल ते ठरवतो, दुसरा वरच्या टोकाचे फेरे. एके काळी डोंगरात उंच फेऱ्यांना झटक्याने सुटणारी गाडी चांगली समजत. झाडीतल्या दाट भुग्यात तसा झटका पट्ट्याला जागीच खड्डा खणायला लावतो, त्यामुळे तेथे खालच्या फेऱ्यांना मऊ सुटणारी स्प्रिंग अधिक उपयोगी. हेलिक्सचा कोन लहान घेतला की बॅकशिफ्ट चपळ होतो आणि फेरे किंचित वाढतात, पण वेग चढण्यास वेळ लागतो. कोन मोठा घेतला की पट्टा झपाट्याने वेग घेतो आणि जोर पडल्यावर इंजिन लवकर दबते. मागची स्प्रिंग ताठ केल्यासही बॅकशिफ्ट सुधारतो, मात्र बेल्ट विनाकारण चिरडला जाऊन तापतो आणि काही शक्ती त्या उष्णतेत जाते. हे सगळे एकमेकांत गुंतलेले असल्याने एका वेळी एकच भाग बदलायचा, हा नियम. तो मोडणारेच जास्त भेटतात.

चाचणीही खऱ्या बर्फातच घ्यावी लागते. वाटेवर ८,२०० दाखवणारी गाडी खोल भुग्याच्या चढावर ७,८०० वर येऊ शकते. चढाला गाडी सरळ लावून काही सेकंद पूर्ण थ्रॉटल धरायचा आणि फेरे वाचायचे. आकडा कमी तर वजन कमी करायचे, जास्त तर वाढवायचे. मग थ्रॉटल सोडून पुन्हा दाबायचा आणि फेरे किती चटकन परततात ते पाहायचे. शेवटी इंजिन बंद करून, झाकण उघडून चकत्यांवर तळहात ठेवायचा. हात ठेववत नसेल तर बेल्ट घसरतो आहे. चकाकी चढलेला बेल्ट, चकत्यांवरची काळी भुकटी, दोन पुल्यांची चुकलेली सरळ रेषा किंवा झिजलेले रोलर असतील, तर कोणतेही वजन घालून उपयोग नाही. निम्म्या ‘सेटिंगच्या’ तक्रारी साबणाच्या कोमट पाण्याने चकत्या धुऊन आणि नवा बेल्ट घालून मिटाव्यात. क्लचचे झाकण काढलेले असताना मात्र इंजिन वेगाने फिरवू नये. तुटलेला बेल्ट किंवा सुटा भाग गोळीसारखा उडतो.

कार्ब्युरेटरच्या काळात क्लचच्या आधी पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागत, कारण विरळ हवेत मिश्रण पेट्रोलकडे झुकून इंजिन घुसमटे. इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आल्यावर ती कटकट गेली. क्लच मात्र यांत्रिकच राहिला. २०२० च्या मॉडेलवर्षात स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो बसवलेले ८५० घ.सेंमी. चे टू-स्ट्रोक इंजिन आणले. ते १६५ अश्वशक्ती ८,००० फुटांपर्यंत राखते, म्हणून त्याला उंचीपायी वजने हलकी करण्याची गरज तेवढ्यापुरती उरत नाही. पण बर्फाचा भार तोच असल्याने बॅकशिफ्टचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

वायोमिंगमध्ये जॅक्सन येथील स्नो किंग डोंगरावर १९७६ पासून मार्चअखेर स्नोमोबाइल चढाई स्पर्धा होते. पायथा सुमारे १,९०० मीटरवर, उतार खडा, बर्फ घट्ट दाबलेला किंवा उन्हाने ओला. तेथे जिंकणारे सेटिंग खोल भुग्यात निकामी ठरू शकते.

भारतात या गाड्यांना बहुधा ‘स्नो स्कूटर’ म्हणतात. सियाचीनमध्ये लष्कर त्या वापरते. गुलमर्ग, सोलांग येथे पर्यटकांना त्यांवर फेरी मारता येते. गुलमर्गची उंची २,६५० मीटरच्या आसपास, म्हणजे रॉकीतल्या अनेक मुक्कामांहून जास्त. फेरी मात्र तुडवलेल्या बर्फावर आणि हळू असल्याने क्लचची कसोटी लागत नाही. उंचीसाठी हलके केलेले सेटिंग घेऊन गाडी पुन्हा मैदानी प्रदेशात नेली, तर उलटा धोका असतो. तेथे दाट हवेने इंजिनला पूर्ण बळ येते, हलकी वजने त्याला आवरू शकत नाहीत आणि फेरे मर्यादेपलीकडे जातात. म्हणून डोंगरातला स्वार काढलेली जड वजने टाकून देत नाही, पिशवीत घालून त्यावर ग्रॅम आणि फूट लिहून ठेवतो.