चोकची केबल का तापली?

मे महिन्यातली सकाळ, साडेसहा वाजलेले. उन्हाळ्यात नागपुरात बाहेरची कामं उरकायची ती याच वेळी. अकरानंतर वर्धा रोडवर माणूस निघतो तो नाइलाजानेच. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत, कडुनिंबाखाली बाबांची १९९७ सालची कार्ब्युरेटरवाली गाडी उभी होती. चावी फिरवली की घर्र... घर्र... आणि मग गप्प. बॅटरी आठच दिवसांपूर्वी नवी टाकली होती, तीही याच दुखण्यावर. मिस्त्रीने बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि निकाल दिला, "बॅटरीच गेली भाऊ. दुसरं काही नाही."

त्याला फार दोष देता येत नाही. आपल्याकडे बॅटऱ्या मरतातच. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीतल्या नको त्या क्रियाही त्यात आल्याच: शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडून जातं. शिवाय अशी बॅटरी मे महिन्यात आतून खचते आणि डिसेंबरात, पारा दहाच्या खाली गेला आणि इंजिन ऑइल घट्ट झालं, की उघडी पडते. लोक थंडीला बोल लावतात.

पण आमची बॅटरी नवी होती. मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट. शिसे-आम्ल बॅटरीच्या एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, असे सहा सेल. म्हणजे पूर्ण चार्ज. १२.२ दिसले असते तर निम्मी रिकामी म्हटली असती. हेडलाइट लावून सेल्फ मारला. बॅटरी बसलेली असली की सेल्फ मारताच दिवे मिणमिणे होतात. इथे दिवे लख्ख आणि इंजिन मात्र कण्हत होतं.

आपण स्टार्टर मोटरला ‘सेल्फ’ म्हणतो, तो ‘सेल्फ-स्टार्टर’चा उरलेला अर्धा शब्द. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाड्यांत आला, तोवर बहुतेक गाड्यांना पुढून हँडल मारावं लागे. हे हँडल मारायचं काम मोटर करते, म्हणून ती करंटही तसाच ओढते. छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर सहज. घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही.

सगळी गोम या शंभर अँपिअरमध्ये आहे. ओहमचा नियम शाळेत पाठ केलेला असतो: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. टर्मिनलवर जराशी पांढरी बुरशी धरली आणि रोध ओहमचा शंभरावा भाग झाला, तर दिव्याच्या पाच अँपिअरला त्याचा पत्ताही लागत नाही. पाच शतांश व्होल्ट गेले तर गेले. सेल्फच्या दीडशे अँपिअरला तोच शंभरावा भाग दीड व्होल्टला पडतो. म्हणून ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हे अनुमान फसवं. मल्टिमीटर ओहमवर ठेवूनही काही कळत नाही, कारण साध्या मीटरच्या तारांचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. असा दोष पकडायचा तर करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

मोजायचं सुचलं ते मात्र अपघाताने. प्लगकडे हात घालताना चोकची केबल बाजूला सारली, तर ती कोमट लागली. सकाळी साडेसहाला. चोक म्हणजे थंडीत इंजिन पकडावं म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका. उन्हाळ्यात नागपुरात त्याला हात कोण लावतो? मग ही तापली कशाने?

बॅटरीकडून सेल्फकडे जाणारी जाड तार सगळ्यांना दिसते. सेल्फ इंजिनवर बसलेला असतो आणि तिथून करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतही यायचं असतं, हे विसरलं जातं. निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो, पण इंजिन उभं असतं रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते, तिला मिस्त्री अर्थिंगची पट्टी म्हणतात. तो रस्ता बंद पडला की करंट दुसरी वाट शोधतो. कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत गेलेलं चोकच्या केबलचं धातूचं वेष्टन ही अशीच आडवाट. बारीक तारेतून एवढा करंट गेला की ती तापणारच.

मुलाला सेल्फ मारायला बसवलं आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर टेकवलं. इथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसू नयेत. दिसले ४.१. बॅटरीवर सेल्फ चालू असतानाही ११.६ होते, म्हणजे बॅटरीला जोर लावावा लागतच नव्हता आणि सेल्फला जेमतेम साडेसात व्होल्ट पोचत होते. ऐंशी अँपिअर धरले तरी वाटेत सव्वातीनशे वॅटची उष्णता वाया. दिवे लख्ख का, तेही कळलं: त्यांचं अर्थिंग बॉडीवर होतं, इंजिनवर नाही.

याउलट चावी फिरवल्यावर टक-टक-टक-टक अशी झड लागली, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर घ्यावा. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी स्विच, संपर्क जोडतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटली की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. एकदाच टक् होऊन शांतता पसरली, तर मोटरचे कार्बन (तिच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत का ते पाहावं. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, हा वेगळाच आजार; भर दुपारी जुन्या गाडीत पेट्रोलची पाइपमध्येच वाफ झालेली असू शकते. त्यावर गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबणं हा जुना उपाय आजही चालतो. कूलरचं पाणी जवळ असतंच.

एक सवय मात्र सोडा. ‘डायनॅमो चार्ज करतोय का’ हे बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढतात. आता गाडीत डायनॅमो नाही, अल्टरनेटर आहे. बॅटरी अचानक सुटली की त्याचं व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळू शकतात. त्यापेक्षा चालू इंजिनवर बॅटरीचे व्होल्ट मोजा. पावणेचौदा ते साडेचौदा असले की काम झालं.

आमच्या पट्टीचा बोल्ट काढला तर तांबं हिरवं पडलेलं आणि निम्मे धागे तुटलेले. नवी पट्टी लावली, बॉडीवरचा रंग सँडपेपरने खरवडला, बोल्ट कसला. तोच मीटर, तीच जागा: ०.२ व्होल्ट. अर्ध्या चावीत गाडी सुरू झाली. जुनी बॅटरी मात्र नवीच्या बदल्यात केव्हाच भंगारात गेली होती, आणि बहुधा ती ठणठणीत होती.