गांधार रेघेच्या अलीकडे असतो

स्लाइड गिटार घरी करायला लागणारं बहुतेक सगळं सामान बेळगावात सहज मिळतं. वखारीतून सागवानाची सरळ पट्टी, वाद्यांच्या दुकानातून खुंट्या आणि तारा, आणि उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याकडून गुळगुळीत करून घेतलेला सळईचा तुकडा, म्हणजेच स्लाइड. गाडी अडते ती पुढे. पट्टीवर रेघा कुठे मारायच्या?

इथे तार दाबून पट्टीला टेकवायची नसते. स्लाइड तारेवर अलगद टेकते आणि जिथे टेकते तिथूनच तार वाजते. त्यामुळे रेघा फक्त डोळ्यांसाठी. तरी त्या नीट मारल्याच पाहिजेत, नाहीतर शिकणाऱ्याचा कान सुरुवातीलाच बिघडतो.

खुंट्यांकडच्या आडव्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, तारेच्या दुसऱ्या टोकाच्या आधारापर्यंत, म्हणजे ब्रिजपर्यंत, ६०० मिलिमीटर धरू. ताण तोच ठेवून तार निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते आणि वरचा षड्ज मिळतो. म्हणून बारावी रेघ ३०० वर. मधल्या रेघा सारख्या अंतरावर नसतात, त्या सारख्या पटीने जवळ येत जातात. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचं. ६०० ला भागलं की ३३.७, ही पहिली रेघ. उरले ५६६.३, त्याला भागलं की ३१.८, म्हणून दुसरी ६५.५ वर. असं करत बाराव्या वेळी ३०० आलं की हिशेब बरोबर. मात्र पट्टीवर उतरवताना प्रत्येक माप नटपासूनच घ्या. आधीच्या रेघेपासून पुढची मोजत गेलं की पेन्सिलीच्या जाडीएवढ्या चुकासुद्धा साठत जातात. रेघ गुण्या (सुताराचा काटकोन) लावूनच ओढावी.

१७.८१७ ऐवजी सरळ १८ घेतले तर? गॅलिलिओचे वडील विंचेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी हाच आकडा सांगितला होता. त्याने बारावी रेघ ३०० ऐवजी २९७.८ वर पडते, स्वर थोडा उतरतो. पण ल्यूटवर तार पडद्यावर, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या उंचवट्यावर, दाबताना ती ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो, त्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. स्लाइडखाली तार ताणलीच जात नाही. तूट तशीच कानावर येते, म्हणून आपल्याला पूर्ण आकडाच हवा.

आता मला या वाद्यात सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. मोकळी तार षड्जात लावा. वरच्या हिशेबाने शुद्ध गांधाराची, म्हणजे चौथी रेघ १२३.८ वर येते. तिथे स्लाइड न ठेवता बोटाचं टोक तारेला नुसतं लावा, तार छेडा आणि बोट लगेच उचला. आवाज बसका येईल. तेच बोट नटकडे सरकवत १२० वर आणा. एकदम घंटेसारखा स्वच्छ स्वर निघतो, आणि तो गांधार असतो, दोन सप्तकं वरचा. १२० म्हणजे ६०० चा बरोबर पाचवा भाग. तार पाच समान भागांत कंप पावते तेव्हा तिथे ती स्थिर असते. त्याच जागी स्लाइड ठेवली तर उरलेल्या चार भागांतून, ४८० मिलिमीटरमधून, मिळतो तो खरा शुद्ध गांधार. रेघेच्या जवळजवळ चार मिलिमीटर अलीकडे! तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच.

पंचमाचं तसं नाही. त्याची नैसर्गिक जागा २०० वर, रेघ १९९.५ वर. मध्यमही असाच जवळ बसतो. फरक मुख्यतः गांधार, धैवत आणि निषादाचा.

तारेच्या लांबीवरून स्वर मोजण्याचं काम आपल्या शेजारीच झालेलं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचं, आपलं संशोधन १९१० साली प्रसिद्ध केलं. तार आणि मोजपट्टी घेऊन बसणारा आपल्या भागातला कोणीही त्यांच्याच वाटेने चाललेला असतो, असं मला वाटतं.

मग वाजवताना गांधार कुठे घ्यायचा? गावच्या भजनात पेटीबरोबर बसलात तर रेघेवरच, कारण आजची पेटी सहसा बारा समान भागांतच लावलेली असते, आणि तिच्याशी भांडून भजन बेसूर करण्यात अर्थ नाही. एकट्याने तानपुऱ्यावर बसलात तर चार मिलिमीटर अलीकडे. पडदे ठोकलेल्या गिटारवर तार षड्जात असताना हा उतरलेला गांधार दाबून मिळत नाही. ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट या गिटारवादकांनी रागसंगीतासाठी स्लाइडच हातात घेतली. मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, सोय तर त्यात आहेच, पण स्वराची ही मोकळीकही आहे.

यात डोळा फसवतो. तार पट्टीपासून सेंटीमीटरभर उंच असते. थोडं तिरकं, वीसेक अंशांतून पाहिलं तरी स्लाइड साडेतीन मिलिमीटर सरकलेली दिसते, म्हणजे गांधाराचा सगळा फरक बघण्यातच गेला. डोळा स्लाइडच्या थेट वर हवा.

खानापूर, जांबोटीकडच्या पावसाचीही धास्ती नको. लाकूड दमटपणाने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. तार उतरेल, ती पुन्हा लावावी लागेल, पण रेघा गुणोत्तराच्या आहेत, त्या हलत नाहीत. पट्टी वाकली नाही ना, एवढं मात्र पाहा.

काळ्या रेघा सुकल्या की १२०, २४० आणि २८० वर लाल ठिपके द्या. गांधार, धैवत, निषाद. २४० वर बोट लावलं तरी तोच घंटेसारखा गांधार वाजतो, म्हणून ती जागाही तारेकडूनच तपासून घेता येते. २८० ची सोय तशी नाही. तिथे पंचमात लावलेली तार छेडून तिच्यातला, म्हणजे पंचमालाच षड्ज धरून येणारा, गांधार ऐकायचा आणि निषाद त्याला मिळेपर्यंत स्लाइड केसभर इकडे-तिकडे करायची.