लहान सार्वजनिक हायस्कूल (अमेरिका) : पट आणि निकाल

सरकारी पैशावर चालणारे, बहुधा नववी ते बारावीचे वर्ग असलेले, कमी पटाचे अमेरिकी विद्यालय. ‘लहान’ कशाला म्हणावे याविषयी एकमत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ च्या अहवालात बारावीच्या वर्गात किमान १०० विद्यार्थी असावेत, त्याहून लहान शाळा एकत्र कराव्यात अशी शिफारस केली. पुढे न्यूयॉर्क शहरात ‘लहान’ म्हणूनच मुद्दाम उघडलेल्या हायस्कुलांत प्रत्येक इयत्तेला साधारण तितकीच मुले होती. म्हणजे कॉनंट यांची किमान मर्यादा शहरी सुधारकांच्या लेखी लहानपणाची खूण ठरली. माँटॅना, नेब्रास्कासारख्या राज्यांच्या ग्रामीण भागात तर चारही इयत्ता मिळून पन्नासचा पट न भरणारी हायस्कुले आहेत. १८२१ साली बॉस्टनमध्ये निघालेली शाळा ही पहिले सार्वजनिक हायस्कूल असे सामान्यतः मानतात. काही जण १६३५ च्या बॉस्टन लॅटिन स्कूलकडे बोट दाखवतात, पण ती वेगळ्या धर्तीची शाळा होती.

पटाची नोंद : दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास पट मोजला जातो. वंश व वांशिक ओळख यांचे सात रकाने २०१०-११ पासून रूढ आहेत. हिस्पॅनिक (स्पॅनिश-भाषक वा लॅटिन अमेरिकी मुळाचे) असल्याचे सांगितलेले मूल, वंश कोणताही असो, त्याच एका रकान्यात जाते. दोन वंश सांगणाऱ्यांसाठी स्वतंत्र रकाना आहे. मराठी घरांतील मुले ‘आशियाई’ या रकान्यात चिनी, व्हिएतनामी, कोरियन मुलांसोबत मोजली जातात. पालकांनी माहिती भरलीच नाही, तर शाळेतील कर्मचाऱ्याने पाहून रकाना ठरवायचा असा नियम आहे. लहान शाळेत अशा दोन-तीन अंदाजांनीही टक्केवारी हलते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये हे वर्गीकरण बदलले असून त्यात मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेचा वेगळा गट आला आहे.

गरिबीचे माप म्हणून मोफत वा सवलतीच्या जेवणाचा आकडा वापरतात. केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असल्यास जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. मात्र २०१४-१५ पासून देशभर लागू झालेल्या सामूहिक पात्रता योजनेत शाळेतील सर्वांनाच मोफत जेवण देता येते व घरोघरचे अर्ज बंद होतात. अन्य योजनांतून आपोआप पात्र ठरलेल्या मुलांचे प्रमाण १.६ ने गुणून अनुदानाचा हिशेब होतो. अशा शाळेच्या नावापुढे ‘१०० टक्के’ दिसले, तर सगळी मुले गरीब असा अर्थ काढू नये.

निकालाचे माप : मुख्य आकडा चार वर्षांच्या ग्रॅज्युएशन दराचा, म्हणजे हायस्कूल पूर्ण करण्याच्या दराचा. केंद्राच्या २००८ च्या नियमांनुसार तो २०१०-११ पासून सर्व राज्यांत एकाच पद्धतीने काढायचे ठरले. पहिल्यांदाच नववीत आलेली मुले मोजावीत, नंतर बदलून आलेली मिळवावीत, आणि बदलून गेलेली, देश सोडलेली व मृत वजा करावीत. उरलेल्यांपैकी किती जणांना चार वर्षांत नियमित डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र) मिळाला, ते प्रमाण म्हणजे दर. शाळा सोडून समकक्षता परीक्षा (डिप्लोमाऐवजी त्याच्या तोडीचा दाखला देणारी) दिलेला विद्यार्थी छेदात राहतो, अंशात येत नाही.

घोळ होतो तो बदलीच्या कागदाशी. समजा, नववीत २४ मुले होती, ३ आली, ४ गेली. चौघांचीही लेखी नोंद असेल तर छेद २३. १९ जणांना डिप्लोमा मिळाला तर दर ८२.६ टक्के. एकाच्या बाबतीत नव्या शाळेने रेकॉर्ड मागवल्याचा कागद फायलीत नसेल, तर छेद २४ होतो आणि दर ७९.२ वर येतो. शिकवण्यात काहीही फरक न पडता तीन टक्क्यांहून अधिक घट!

शिवाय अशा शाळांचे बरेच आकडे छापलेच जात नाहीत. १९७४ च्या विद्यार्थी-गोपनीयता कायद्यामुळे लहान गटांचे निकाल झाकतात. निकालावरून शाळेला उत्तरदायी धरण्यासाठी गट किमान किती मुलांचा हवा ते राज्य ठरवते, बहुतेक ठिकाणी १० ते ३०. एकच गट झाकून भागत नाही. एकूण ३० पैकी २६ उत्तीर्ण आणि श्वेतवर्णीय २६ पैकी २४ असे छापले, तर उरलेल्या चौघांपैकी दोघे नापास झाले हे वजाबाकीने कळते. म्हणून दुसरा गटही झाकावा लागतो. काही तक्त्यांत नेमक्या आकड्याऐवजी ‘५० टक्के वा अधिक’ असा पट्टा दिसतो. अशा पट्ट्यांचा मध्य काढून तो सरासरीत घालणे ही संकलकांची नेहमीची चूक.

आकारमान व गुणवत्तेचा वाद : कॅन्ससमधील शाळांवरील बार्कर व गम्प यांच्या अभ्यासात (१९६४) लहान शाळांतील मुले उपक्रमांत अधिक जबाबदारीने उतरतात असे आढळले. पण हा पुरावा सहभागाचा होता, गुणांचा नव्हे. २००० च्या सुमारास गेट्स फाउंडेशनने लहान हायस्कुलांना मोठे पाठबळ दिले. २००९ च्या वार्षिक पत्रात मात्र बऱ्याच लहान शाळांत गुणवत्ता म्हणावी तशी वाढली नसल्याचे मान्य केले. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांचा आक्षेप संख्याशास्त्रीय आहे. पेनसिल्व्हेनियातील १,६६२ शाळांच्या पाचवीच्या वाचनगुणांत सर्वांत लहान ५० शाळांपैकी ६ शाळा पहिल्या पन्नासांत होत्या, तर ९ शाळा शेवटच्या पन्नासांत. कमी संख्येची सरासरी दोन्ही टोकांकडे झुकते. खरा दर ८५ टक्के धरला, तर २५ मुलांच्या वर्गात प्रमाणत्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार) सुमारे ७ टक्के येते, ४०० मुलांत २ पेक्षाही कमी. अकरावीत तर मोठ्या शाळा किंचित सरस दिसल्या. विषयांची विविधता हे त्याचे संभाव्य कारण. याउलट न्यूयॉर्कमधील प्रवेश-सोडतीचा आधार घेतलेल्या २०१० च्या अहवालात लहान शाळांचा ग्रॅज्युएशन दर ६.८ टक्के-बिंदूंनी जास्त आढळला. प्रवेश कोणाला हे सोडतीने, योगायोगानेच ठरत असल्यामुळे हा पुरावा अधिक भक्कम ठरतो. मात्र त्या शाळा नव्याने आखलेल्या होत्या, त्यामुळे श्रेय आकाराचे की आखणीचे हे वेगळे काढणे कठीण.

२०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार एक तृतीयांश वा अधिक मुलांना डिप्लोमा न मिळालेले हायस्कूल सुधारणेसाठी नोंदवले जाते. एकूण पट १०० पेक्षा कमी असल्यास सुधारणा-उपक्रम न राबवण्याची मुभा राज्य स्थानिक शिक्षण-जिल्ह्याला (त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेला) देऊ शकते. काही राज्ये दोन-तीन वर्षांचे निकाल एकत्र करून गट पुरेसा मोठा करतात.