डीडी फ्री डिश

डीडी फ्री डिश : महिन्याची वर्गणी न भरता घरच्या टीव्हीवर उपग्रहामार्फत वाहिन्या दाखवणारी प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची, सेवा. छत्री (डिश अँटेना), खोका (सेटटॉप बॉक्स) आणि दोघांना जोडणारी केबल एकदा विकत घेतली की पुढे कोणाला काही द्यावे लागत नाही. रिचार्ज नाही, ग्राहक क्रमांक नाही, पत्त्याचा पुरावा नाही. सरकारी माहितीनुसार २०१८ मध्ये ही सेवा सुमारे ३ कोटी ३० लाख घरांत होती, ती २०२४ पर्यंत सुमारे ४ कोटी ९० लाख घरांत पोहोचली. वर्गणीदारांची वहीच नसल्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, मोजणीचे नव्हेत. वर्गणी नाही याचा अर्थ खर्च नाही असा मात्र होत नाही. तो प्रेक्षकाऐवजी दुसरे कोणी उचलते आणि या सेवेचा बराचसा इतिहास त्या ‘दुसऱ्या कोणा’चा आहे.

भारतात टीव्ही पाहणे सुरुवातीला फुकट नव्हतेच. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले त्या काळात रेडिओप्रमाणे टीव्हीलाही परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ऐंशीच्या दशकात ही फी रद्द झाली. मग गच्चीवर अँटेना असला की पुरे. पण जमिनीवरच्या मनोऱ्याचे प्रक्षेपण डोंगर ओलांडत नाही. पुणेकरांना सिंहगडावरच्या मनोऱ्याने सांभाळले, तरी सह्याद्रीच्या कुशीतल्या आणि सातपुड्यातल्या कितीतरी गावांना मुंग्यांशिवाय काही दिसत नसे. नव्वदच्या दशकात केबल आली. तिची जाळीची मोठी छत्री केबलवाल्याच्या गच्चीवर असे आणि त्याची वायर जिथवर जाई तिथवरच वाहिन्या जात. विरळ वस्तीत वायर ओढणे त्याला परवडत नसे. वरून, उपग्रहाकडून आलेल्या लहरींना मात्र डोंगरही आड येत नाही आणि वस्तीची दाटीही लागत नाही.

त्या हिशेबानेच १६ डिसेंबर २००४ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू झाली, ३३ वाहिन्यांनिशी. खासगी डीटीएच सेवा, म्हणजे केबलवाल्याविना उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीत वाहिन्या देणारी, वर्षभर आधी आली होती, पण ती वर्गणीची. ‘फ्री डिश’ हे नाव २०१४ मध्ये मिळाले. उपग्रहही बदलत गेले. आधी ९५ अंश पूर्वेचा एनएसएस-६, नंतर ९३.५ अंशावरचा इन्सॅट-४बी आणि त्याच जागी नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-१५. दिल्लीतल्या तोडापूर येथील भूकेंद्रातून संकेत वर जातो, सुमारे ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह तो केयू पट्ट्यात, म्हणजे लहान छत्रीतही पकडता येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरींवर, खाली परतवतो. या झोताच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या अंदमान-निकोबारसाठी सी-बँडची, म्हणजे कमी वारंवारतेच्या पट्ट्यातली, वेगळी सेवा आहे.

सामान अगदी साधे. साठ-पासष्ट सेंटिमीटरची पत्र्याची छत्री, तिच्या दांडीवर एलएनबी (छत्रीने गोळा केलेला संकेत पकडून केबलमध्ये सोडणारा भाग), तिथून घरात येणारी आरजी-६ केबल आणि सेटटॉप बॉक्स, म्हणजे बोलीत खोका. सगळे मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास जाते. छत्री लावण्याचे काम मात्र कसबाचे. उपग्रह विषुववृत्तावर उभा असल्याने महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो. मुंबईतून उत्तरेपासून मोजत गेले तर साधारण १३१ अंशांवर, क्षितिजापासून ५८ अंश वर. नागपूरहून तोच जरा दक्षिणेकडे सरकतो आणि ६० अंशांवर जातो. नवख्याची फसगत इथेच होते. छत्री पाहिली तर ती समोरच्या माडाच्या शेंड्याकडे तोंड करून बसल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती त्याच्या खूप वर पाहत असते. अशा छत्रीत एलएनबी मधोमध नसून खालच्या अंगाला असतो, त्यामुळे दिसण्यात आणि पाहण्यात वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो. हे न कळलेला माणूस छत्री आकाशाकडे उताणी करतो, मग तिच्यात पावसाचे पाणी साठते आणि चित्र काही येत नाही.

खोक्याच्या पडद्यावर दोन पट्टे दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पहिला भरलेला पाहून खूश होऊ नये. एलएनबीला वीज पोहोचली आणि केबल शाबूत आहे एवढेच तो सांगतो, छत्री भलतीकडे असली तरी तो भरलेला राहू शकतो. खरा पट्टा दुसरा. तो शून्यावरून हलेपर्यंत छत्री डावी-उजवीकडे बोटभर सरकवत राहायचे, मग एलएनबी स्वतःभोवती किंचित फिरवून तो वाढवायचा आणि शेवटी नट आवळायचे. आवळतानाच छत्री हलते, हा अनुभव प्रत्येकाचा. म्हणून एक जण वर पान्हा घेऊन आणि दुसरा खाली टीव्हीसमोर ‘आलं, आलं… गेलं!’ असे ओरडणारा, ही जुन्या अँटेनाच्या काळातली जोडी आजही टिकून आहे. शेजारच्या ९५ अंशावर एका खासगी डीटीएचचे उपग्रह आहेत. दोहोंत फक्त दीड अंशाचे अंतर, त्यामुळे वर्गणी संपलेल्या घरातली जुनी छत्री जागची फारशी न हलवता फ्री डिशला जुंपता येते. एलएनबीही तोच चालतो. गावोगावच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांना ही युक्ती चांगली ठाऊक आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा या सेवेचा कसोटीचा काळ. केयू पट्ट्यातल्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात. चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, सर ओसरली की सगळे पूर्ववत. तसे न झाले तर दोष पावसाचा नसून एलएनबीच्या तडकलेल्या टोपणातून किंवा केबलच्या सांध्यातून शिरलेल्या पाण्याचा असतो. सांध्यावर रबरी टेप गुंडाळणे आणि केबलला घरात शिरण्याआधी खाली लोंबती वळी ठेवणे, म्हणजे पाणी आत न येता वळीवरून टपकते, एवढ्या दोन गोष्टींनी बरेच पावसाळे निभावतात.

आता पैशाचा प्रश्न. दूरदर्शनच्या आणि संसदेच्या वाहिन्या इथे हक्काने आहेत. खासगी वाहिन्यांना मात्र जागा विकत घ्यावी लागते. उपग्रहावरच्या मर्यादित जागांचा, म्हणजे ‘स्लॉट’चा, प्रसार भारती २०११ पासून ई-लिलाव करते. २०१९ च्या धोरणात वाहिन्यांचे प्रकारवार गट पाडले गेले आणि हिंदी मनोरंजन वाहिन्यांसाठी वर्षाच्या बोलीची सुरुवात १५ कोटी रुपयांपासून ठेवण्यात आली. केबलच्या धंद्यात प्रेक्षक वाहिनीसाठी पैसे मोजतो, इथे वाहिनी प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी पैसे मोजते आणि ते जाहिरातींतून वसूल करते. साबण, केसांचे तेल आणि दंतमंजन यांच्या जाहिरातींचा भडिमार, जुन्या मालिकांचे पुनःप्रसारण आणि हिंदीत भाषांतरित दक्षिणी चित्रपट यांची मिसळ इथे दिसते ती याच हिशेबामुळे.

हा बाजार किती मोठा आहे हे जाहिरातदारांना उशिरा कळले. २०१५ पर्यंत प्रेक्षकसंख्येची मोजणी मुख्यतः शहरी होती. त्या वर्षी ऑक्टोबरपासून ही मोजणी करणाऱ्या ‘बार्क’ संस्थेने ग्रामीण घरांचीही आकडेवारी देणे सुरू केले आणि शहरात कोणी ढुंकून न पाहणाऱ्या फुकट वाहिन्या एकदम वरच्या क्रमांकांवर दिसू लागल्या. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची नवी दररचना लागू झाली. केबल आणि डीटीएचच्या ग्राहकाला पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे १५३ रुपये, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे असे बिल येऊ लागले. निवड ग्राहकाच्या हाती देण्याचा हेतू होता, पण अनेकांनी बिलच नको अशी निवड केली आणि फ्री डिशची छत्री आणली.

मोठ्या प्रसारण कंपन्यांचे या सेवेशी नाते धरसोडीचे राहिले आहे. इथे फुकट दिसणारी वाहिनी दुसरीकडे पैसे मोजून कोण घेणार, हा त्यांचा पेच. मार्च २०१९ मध्ये चार मोठ्या समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या काढून घेतल्या. २०२० मध्ये त्यांतल्या काही परत आल्या, एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. मोकळ्या जागी कमी नावाच्या वाहिन्या शिरल्या आणि रातोरात मोठ्या झाल्या. प्रेक्षकाला या घडामोडींत काही मत नसते. वर्गणी देत नाही म्हणून तक्रार करायलाही जागा नाही. आवडती मालिका अर्ध्यात नाहीशी झाली तर दुसरी शोधायची.

मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला यात थोडेच येते, हे स्पष्ट सांगायला हवे. लिलावात हिंदीचा पैसा मोठा, कारण एका हिंदी वाहिनीमागे निम्मा उत्तर भारत असतो. हक्काची म्हणावी अशी वाहिनी सह्याद्री. १५ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झालेली ही दूरदर्शनची मराठी वाहिनी लिलावाच्या चढउतारांपासून सुरक्षित आहे. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, सन मराठी अशा खासगी वाहिन्याही वेळोवेळी इथे दिसल्या आहेत, मात्र त्यांचे असणे-नसणे त्या-त्या वर्षीच्या बोलीवर. गोव्याची दूरदर्शन वाहिनी मार्च २०१९ मध्ये इतर काही राज्यांच्या वाहिन्यांसोबत या सेवेत आली.

फ्री डिशचा एक फायदा वर्गणीदारांनाही हेवा वाटावा असा आहे. २००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्कधारक कंपनीला प्रसार भारतीला द्यावे लागते. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरील आणि डीटीएच जाळ्यावरच दाखवावे, केबलवर नाही. त्यामुळे सामना चालू असताना केबलवर दूरदर्शनची वाहिनी लावली तर दुसराच कार्यक्रम दिसतो आणि पैसे न भरणाऱ्या शेजाऱ्याकडे मात्र षटकार-चौकार चाललेले असतात. आयपीएल या कायद्यात येत नाही, त्यासाठी शेजाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही.

शिक्षणासाठीही याच उपग्रहाचा उपयोग झाला. स्वयंप्रभा वाहिन्या २०१७ पासून जीसॅट-१५ वर आहेत. २०२० च्या टाळेबंदीत पीएम ई-विद्या योजनेखाली इयत्तेनुसार वाहिन्या आल्या आणि पुढे त्यांची संख्या दोनशेवर नेण्यात आली. या धरल्या तर एकूण वाहिन्या तीनशेच्या पुढे जातात, पण माणसे रोज बघतात त्या त्यांतल्या मूठभर.

जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास संपले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले होते, पण त्यासाठी लागणारा ट्यूनर, म्हणजे संकेत पकडणारा भाग, घराघरांत गेला नाही. तेव्हा ‘अँटेना लावा आणि फुकट बघा’ या जुन्या वाक्याची जागा बहुतांश देशात छत्रीनेच घेतली आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटी रुपयांच्या प्रसारण पायाभूत योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागांत आठ लाखांहून अधिक खोके मोफत वाटण्याची तरतूद आहे. खोकाच लागू नये म्हणून उपग्रह ट्यूनर आत बसवलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानकही तयार केले.

तोवर खोका आहे आणि त्याच्या दोन पिढ्या आहेत. एमपीईजी ही चित्र आकुंचित करून पाठवण्याची पद्धत. जुना एमपीईजी-२ चा खोका नव्या एमपीईजी-४ वाहिन्या दाखवू शकत नाही. त्या यादीत आल्याच तर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, म्हणून लोक छत्रीला दोष देतात. शिवाय स्लॉटचे वर्ष एप्रिलपासून धरले जात असल्याने १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्यांचे क्रमांक इकडचे तिकडे होतात. खोका आपण होऊन ते शिकत नाही, त्याला पुन्हा शोध घ्यायला लावावे लागते. मेन्यू, इन्स्टॉलेशन, उपग्रहांच्या यादीतून ९३.५, एलएनबी ९७५०-१०६००, मग ऑटो स्कॅन. मध्येच पासवर्ड मागितला तर पुष्कळ खोक्यांना चार शून्ये चालतात.