गोठ्यातला दोष गोठ्यातच पकडा

जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या यंत्रमागाची खुबी अशी, की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. सदोष कापड विणून होण्याआधीच दोष हाती लागायचा. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात हेच तत्त्व आलं. एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या नागपूरला मागाची गोष्ट नवी नाही. पण गोठ्यात? तिथे दुधातला बिघाड बहुधा संकलन केंद्रावर कळतो. तोवर एका गाईचं दूध सगळ्या कॅनला लागलेलं असतं.

हा बिघाड बऱ्याचदा दगडीचा, म्हणजे कासदाहाचा. सुजलेली कास कुणालाही दिसते. खरं नुकसान करते ती सुप्त दगडी. दूध चांगलं दिसतं, फक्त कमी येतं. ती पकडायला चार खणांचा ट्रे आणि सीएमटीचं (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट या कासदाह चाचणीचं) द्रावण पुरतं. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात घेऊन गाठी आहेत का पाहा. मग प्रत्येक सडाचं साधारण 2 मिली दूध वेगळ्या खणात घ्या, तेवढंच द्रावण टाका आणि ट्रे गोल फिरवा. दहा सेकंदांत मिश्रण शेंबडासारखं घट्ट झालं, तर त्या सडात दोष आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईची चाचणी करू नका, चिकामुळे निकाल फसतो.

दोष सापडला की धारांचा क्रम बदला: आधी पहिलारू (पहिल्यांदा व्यालेल्या गाई), मग बाकीच्या निरोगी, दगडीची गाय सर्वांत शेवटी. लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) बादलीत एकच फडकं बुडवून सगळ्या कासा पुसणं तर बंदच करा. शेण मिसळलं की पाणी तपकिरी होतं, औषधाचा जोर जातो आणि फडकं जंतू वाटत फिरतं. प्रत्येक जनावराला वेगळं कोरडं फडकं हवं. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, त्यात धार पूर्ण काढा. मग सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढे चाऱ्याची कुट्टी टाका. सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे.

नागपूरच्या मे महिन्यात यात एक मेख आहे. 45 अंशांत संकरित गाईवर पाणी मारावंच लागतं, पण ते अंगावरून ओघळून कासेपर्यंत आलं आणि खाली चिखल झाला, तर दगडीला आमंत्रणच. थोडं पाणी, मग पंखा, पुन्हा थोडं पाणी असा फेरा ठेवा, फरशीला उतार द्या. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा फवारे बंद आणि पंखे चालू.